भुयारी मेट्रो स्थानक : खाली उतरण्याआधी वर बघा

कोल्हापूरची एसटी स्वारगेटला थांबते आणि आता तिथूनच पुणे मेट्रोचा जिना खाली जातो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी भुयारी स्थानक पहिल्यांदा बघितलं ते इथंच. परत आल्यावर बोलणं होतं ते चकचकीत फरशीचं, गारव्याचं आणि सरकत्या जिन्यांचं. माझं म्हणणं असं की स्थानक चांगलं झालंय की नाही हे बघायचं तर वरच थांबावं, रस्त्याच्या पातळीला. जिन्याचं तोंड किती उंच आहे, हवेचे मनोरे कुठं उभे केलेत, बाहेर पडल्यावर पाय टेकायला जागा आहे का, यावरून खालच्या कामाचा बराचसा अंदाज येतो. खालचा जवळजवळ प्रत्येक निर्णय वरच्या कुठल्या तरी गोष्टीला बांधलेला असतो.

कोल्हापुरात मेट्रो नाही. तरी आपला दगड, आपली बुजवलेली तळी आणि पंचगंगेचा पूर डोळ्यांपुढं ठेवला की हा विषय नीट कळतो, म्हणून जागोजागी उदाहरणं इथली घेतली आहेत.

आधी खोलीचा हिशेब करू. रस्त्याखाली पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज आणि केबली असतात, त्यासाठी स्थानकाच्या छतावर २ ते ३ मीटर माती ठेवतात. २.५ धरू. छताचा स्लॅब साधारण १ मीटर जाड, कारण त्याच्यावर ही माती आणि मातीवरून जाणारे ट्रक. खाली तिकिटांचा मजला, म्हणजे कॉनकोर्स. वरचे डक्ट आणि खोटं छत धरून त्याला ५.५ मीटर उंची लागते. मधला स्लॅब अर्धा-पाऊण मीटर, फलाटाचा मजला पुन्हा ५.५ मीटर. फलाटापासून रूळ १ मीटरहून थोडे जास्त खाली, रुळाखालचं काँक्रीट पाऊण मीटर, आणि शेवटी तळाचा स्लॅब १ ते १.५ मीटर. बेरीज १८-१९ मीटर होते, म्हणजे साठ फुटांच्या वर. यात चैन कुठंच नाही. साध्यातलं साधं दोन मजली स्थानकही एवढं खोल जातंच.

बोगद्याची अट वेगळी. टीबीएमने, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राने, पाडलेला बोगदा बाहेरून साधारण ६.५ मीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या डोक्यावर निदान तेवढाच थर राहावा असं बघतात. नदी आली की अजून खाली जावं लागतं. पुण्यात जिल्हा न्यायालय आणि कसबा पेठ यांच्यामध्ये बोगदे मुठेच्या पात्राखालून जातात आणि जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. तिथं छतातून सूर्यप्रकाश खाली सोडलाय, आणि याच ठिकाणी वनाज-रामवाडी मार्ग डोक्यावरून उन्नत जातो. सरकता जिना ३० अंशात आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालतो असं धरलं, तर माणूस सेकंदाला पाव मीटरच वर चढतो. ३३ मीटरला नुसतं उभं राहून सव्वादोन मिनिटं लागतात, मधल्या टप्प्यांवरचं चालणं वेगळं. म्हणून खोलीतला प्रत्येक जादा मीटर प्रवाशाला रोज मोजावा लागतो, आणि आराखड्यात तो वाचवण्यासाठी झगडणं योग्यच असतं.

लांबीचाही असाच प्रकार. सहा डब्यांच्या गाडीला फलाट १४० मीटर लागतो, पण खड्डा खणावा लागतो २०० ते २५० मीटर. दोन्ही टोकांना पंखे, ट्रान्सफॉर्मर, सिग्नलच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, पंप असतात. प्रवाशाला दिसतं त्याच्याएवढंच स्थानक भिंतींच्या मागं असतं. रुंदी २० ते २४ मीटर, मधोमध फलाट आणि दोन्ही अंगाला रूळ. भुयारात मधला फलाट जास्त का दिसतो, तर जाणारा आणि येणारा बोगदा वेगवेगळा पाडतात आणि दोघांमध्ये अंतर ठेवावंच लागतं. ती मधली जागा फलाटाला आयती मिळते. जिने आणि लिफ्टचा एकच संच दोन्ही दिशांना पुरतो, आणि चुकीच्या बाजूला उतरलेल्याला पुन्हा वर जाऊन फिरून यावं लागत नाही.

आता कोल्हापुरात अशा स्थानकाला जागा शोधून बघा. महाद्वार रोडवर २२ मीटर रुंद खड्डा म्हणजे दोन्ही बाजूंची दुकानं गेली. मग नजर मोकळ्या मैदानांकडं वळते, आणि कोल्हापुरात नेमका इथंच घोटाळा आहे. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळं होतं. कपिलतीर्थ मार्केटच्या नावातच तीर्थ आहे. शहरातल्या कितीतरी मोकळ्या जागा मुळात बुजवलेली तळी आहेत. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं ते उगीच नाही. अशा जागी वरचे काही मीटर निव्वळ भराव असतो, त्यात पाणी खेळतं आणि खोदाईच्या कडा उभ्या राहत नाहीत. पहिला बोअर घेण्याआधी जुने नकाशे काढून बसणं इथं फार मोलाचं ठरेल. पुण्यात स्वारगेटला खोदाईत पाण्याचं जुनं भुयार लागलं होतं.  जुन्या गावात जमिनीखाली कुणीतरी आपल्याआधी काम करून गेलेलं असतं, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावं.

खोदाईची पद्धत जमिनीवर ठरते. विहिरी खणणाऱ्यांना आपल्याकडचे थर तोंडपाठ असतात : काळी माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण. स्थानकाचा खड्डा याच क्रमातून खाली जातो. माती आणि मुरुमात एकमेकांना चिकटून किंवा एकमेकांत घुसवून काँक्रीटचे खांब भरतात, म्हणजे खड्ड्याभोवती आधीच भिंत तयार होते, आणि जसजसं खाली जाऊ तसतशी ती भिंत आडव्या लोखंडी टेक्यांनी किंवा मागच्या जमिनीत घातलेल्या अँकरनी (खोल रोवलेल्या पोलादी सळयांनी) आवळतात. पाषाण लागला की कडा बहुतेक स्वतः उभी राहते. तिथं रॉक बोल्ट मारून, जाळी लावून वर काँक्रीटचा फवारा देतात. धोका असतो दोन लाव्हा थरांमधल्या तांबड्या पट्ट्याचा. कोरडा असताना तो दगडासारखा वाटतो, उघडा पडून भिजला की मऊ होतो आणि वरचा कातळ त्याच्यावरून घसरू शकतो. तो दिसला की त्याच दिवशी फवारा मारून झाकायचा, उद्यावर टाकायचं नाही.

पाषाण फोडायला सुरुंग लागतात. जुन्या वाड्यांजवळ चार्ज अगदी लहान, प्रत्येक भोकाला काही मिलिसेकंदांचा उशीर, वर रबरी मॅट आणि वाळूची पोती. इमारतीच्या पायाशी कंपनमापक ठेवतात. ऐतिहासिक आणि नाजूक बांधकामासाठी कमी वारंवारतेच्या कंपनाला सेकंदाला २ मिलिमीटर वेग ही आपल्याकडची मर्यादा आहे. ती पाळता येत नसेल तर सुरुंग बंद आणि हायड्रॉलिक ब्रेकरने किंवा वायर सॉने कापत बसायचं. वेळ अनेक पटींनी लागतो, पण अंबाबाईच्या देवळासारख्या वास्तूच्या आसपास दुसरा मार्गच धरू नये.

बांधायचे क्रम दोन. एकात तळापर्यंत खणून मग खालून वर बांधत येतात. हे स्वस्त, काम उजेडात होतं, पण रस्ता काही वर्षं बंद. दुसऱ्यात कडेच्या भिंती आणि मधले खांब झाले की आधी छत ओतायचं, त्यावर माती टाकून रस्ता चालू करायचा आणि छताखाली खणत जायचं. व्यापारपेठेत हाच क्रम घ्यावा असं माझं ठाम मत आहे. यात पैसा आणि कटकट जास्त, कारण सगळा माल छतात सोडलेल्या भोकांतून वर काढायचा असतो, आणि वरून आलेल्या भिंतीला खालून जोडताना सांध्यात हवा अडकून पोकळी राहते. तिथं ग्राउट (पातळ सिमेंट) भरायची नळी आधीच सोडलेली नसेल तर पुढं तीच जागा गळते.

पाण्याचं सगळ्यांत मोठं काम मात्र गळती हे नाहीच. पाणी स्थानकाला वर उचलतं. आकडे मांडून बघू. तळ १९ मीटर खोल आहे, आणि पावसाळ्यात भूजल जमिनीपासून ३ मीटरवर आलंय. तळाखाली १६ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे चौरस मीटरला १६ टन वरच्या दिशेने. आता वजन मोजा. छत, मधला आणि तळाचा स्लॅब मिळून २.७ मीटर काँक्रीट, घनमीटरला २.५ टनांनी पावणेसात टन. ८० सेंटिमीटर जाडीच्या दोन लांब भिंतींचं वजन २२ मीटर रुंदीत वाटलं की साधारण ३ टन. छतावरची अडीच मीटर माती साडेचार टन. एकूण सव्वाचौदा. सोळा टन उचलायला आणि सव्वाचौदा टन दाबून धरायला! एवढी मोठी काँक्रीटची पेटी तरंगायला लागेल.

त्यावर उपाय असे : तळाचा स्लॅब आणखी जाड करायचा, किंवा तो भिंतीच्या बाहेर दीड-दोन मीटर काढायचा म्हणजे त्या कानावर बाजूची माती बसते, किंवा खालच्या पाषाणात अँकर घालून पेटी खिळवून टाकायची. आपल्याकडं पाषाण चांगला असल्यामुळं अँकर सोपा पडतो, पण त्याचं टोक गंजापासून जपावं लागतं, कारण ते पुन्हा कधी हाताला लागणार नाही. हे झालं पुरं झालेल्या स्थानकाचं. खरा धोका बांधकाम चालू असतानाचा. तळ आणि भिंती झाल्या आहेत, छत किंवा वरची माती बाकी आहे, मे महिन्यात खड्डा कोरडा म्हणून उपसा बंद केला, आणि जूनमध्ये दोन आठवडे पाऊस लागला की तळ फुगून तडकतो. म्हणून तळात दाब सोडणारी भोकं ठेवतात आणि भराव पुरा होऊन वजनाचा हिशेब जुळेपर्यंत पंप बंद करत नाहीत. पुढं दहा-वीस वर्षांनी कुणी छतावरची माती काढून पार्किंग करायचं म्हणालं तर हाच हिशेब परत मांडावा लागतो. ती माती काम करत असते.

त्या मातीचा दुसरा उपयोग झाडांना. अडीच मीटरमध्ये झुडपं आणि मध्यम झाडं नीट वाढतात. वड-पिंपळ मात्र लावू नयेत, त्यांची मुळं सांध्यांच्या मागं लागतात.

गळतीबद्दल थोडक्यात. पेटीला बाहेरून प्लास्टिकची जाड चादर गुंडाळतात, दोन ओतकामांच्या सांध्यात रबरी पट्टी किंवा पाणी लागलं की फुगणारी पट्टी ठेवतात. चादर फाटते ती सळई बांधताना, सळईच्या टोकांनी. म्हणून तळावर चादर घातल्याबरोबर तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर ओततात. स्थानकात ओल बघायची तर तीन जागी बघा : बोगद्याचं शेवटचं कडं भिंतीला मिळतं तिथं, दोन ओतकामांच्या आडव्या सांध्यावर, आणि जिन्याची वाट मुख्य पेटीला जोडते तिथं. या तिसऱ्या जागी सर्वांत जास्त ओल असते. मुख्य पेटी जड आणि पाषाणावर बसलेली, जिन्याची वाट हलकी आणि मुरुमावर; दोन्ही वेगवेगळ्या मानाने बसतात आणि मधला सांधा ओढला जातो. तिथं आतून वॉटरप्रूफ प्लास्टर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पाणी शेजारच्या फटीतून निघतं आणि काही महिन्यांत भिंतीला लोणा लागतो. भोकं पाडून सांध्याच्या पाठीमागं फुगणारं रसायन दाबाने भरणं हाच उपाय, आणि तोही पावसाळ्यात करावा, फट उघडी आणि ओली असताना. उन्हाळ्यात गळती सापडतच नाही.

आता पुराकडं येऊ, कारण आपल्याला हे सगळ्यांत जवळचं.

स्थानकाची पूरपातळी म्हणजे त्याच्या सगळ्यांत खालच्या तोंडाची पातळी. जिना, लिफ्ट, हवेचा मनोरा, केबलचा डक्ट, अग्निशमनाचा जिना, यांतलं एक जरी खाली राहिलं तरी बाकीच्यांची उंची वाया. मुंबईत २६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी आणि चिखल शिरला, स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. चालू असलेल्या दारातून पाणी आलं नाही. काम अपुरं असलेल्या एका प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि तिथून लोंढा आत आला. शेवटचं दार पुरं होईपर्यंत स्थानक अर्धवटच असतं, आणि अर्धवट दाराची तात्पुरती भिंत कायमच्या भिंतीएवढ्याच दाबाला डिझाइन केली पाहिजे.

नेहमीच्या पावसासाठी जिन्याचं जोतं रस्त्यापेक्षा निदान अर्धा मीटर उंच ठेवतात. म्हणूनच खाली जायला आधी तीन-चार पायऱ्या वर चढावं लागतं. काही जणांना हा त्रास वाटतो. परीख पुलाखाली पावसात जो थांबून राहिलाय त्याला ते समजावून सांगायला नको. पुराचा प्रश्न याहून मोठा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्यातून पाणी मागं फिरून दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत आलं. डिझाइन करताना बंधाऱ्यावरचे फूट कामाचे नाहीत. त्या त्या चौकात भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा लेव्हल मशिनने समुद्रसपाटीच्या उंचीत आणायच्या आणि त्याच्या वर मोकळीक ठेवायची. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्द नुसता कागदावर लिहून भागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन महापूर आपण सतरा वर्षांच्या आत पाहिलेत.

समजा एखाद्या जागी जोतं १.५ मीटर उंच करायचं ठरलं. १५ सेंटिमीटरच्या दहा पायऱ्या होतात, ते सोपं. पण लिफ्टचं दारही त्याच उंचीवर जाणार, आणि चाकाच्या खुर्चीला तिथवर पोचायला १२ ला १ या उताराने १८ मीटरचा रॅम्प आणि मध्ये विसाव्याचा टप्पा, म्हणजे २० मीटर लांबी. शाहूपुरीच्या फुटपाथवर २० मीटर कुठून आणणार? अशा ठिकाणी जिना फुटपाथवर उभा करण्याचा हट्ट सोडून शेजारचा एखादा प्लॉट घ्यावा आणि रॅम्प त्याच्या आवारात वळवावा. जोतं कमी ठेवून दाराला खाचा करायच्या आणि पूर आला की त्यात ॲल्युमिनियमच्या फळ्या बसवायच्या, हा दुसरा मार्ग. तो चालतो, पण फळ्या त्याच दाराजवळच्या खोलीत असल्या पाहिजेत, प्रत्येकीवर नंबर हवा, खालचं रबर दर वर्षी मे महिन्यात तपासलेलं हवं आणि रात्रपाळीच्या दोन माणसांना त्या बसवता यायला हव्यात. खाचेत विटेचे तुकडे अडकलेले असले की फळी बसत नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. खालचे पंप पाणी टाकतात कुठं? जवळच्या नाल्यात. नालाच पुराने भरला तर तेच पाणी त्याच पाइपातून परत येतं. तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आणि पाइप आधी पूरपातळीच्या वर नेऊन मग खाली वळवावा लागतो. जनरेटरही त्या पातळीच्या वर. २०१९ मध्ये उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचं पिण्याचं पाणी बंद झालं, हे सगळ्यांनी भोगलं आहे. पुरात चालायला हवी तीच यंत्रणा पुरात बुडावी असं इथं चालणार नाही.

पाण्यानंतर हवा. गाडी बोगद्यातून येते ती पुढची हवा ढकलत येते. स्थानकात गाडीच्या आधी वारा येतो तो यामुळं. हा वारा वर सोडायला दोन्ही टोकांना मनोरे असतात. तिथंच मोठे उलटसुलट फिरणारे पंखे असतात. बोगद्यात आग लागली तर एका टोकाचे पंखे हवा आत ढकलतात, दुसऱ्या टोकाचे ओढून घेतात, म्हणजे धूर एकाच दिशेला जातो आणि लोकांना वाऱ्याला तोंड करून चालत बाहेर काढतात. रोजच्या उष्णतेचा मोठा भाग गाडीच्या ब्रेकचा, मोटारींचा आणि माणसांचा. ती बाहेर काढायला चिलर (गारवा करणारं यंत्र), आणि चिलरला वर कूलिंग टॉवर लागतात.

हे मनोरे आणि टॉवर कुणालाच दारात नको असतात, म्हणून ते उरलेल्या कोपऱ्यात ढकलले जातात, आणि तिथं चुकतं. आत घेण्याचं तोंड सिग्नलजवळ आलं की रांगेतल्या गाड्यांचा धूर फलाटावर येतो. कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी आलं की वास येतो. बाहेर टाकण्याचं आणि आत घेण्याचं तोंड समोरासमोर आलं तर वापरलेलीच हवा फिरत राहते, आगीच्या वेळी धूरसुद्धा. कूलिंग टॉवर घरांच्या खिडक्यांपासून लांब हवेत, कारण रात्री रहदारी थांबल्यावर त्यांचा आवाज उठून दिसतो. मनोऱ्याभोवती जाळी, दिवा आणि थोडी बाग नसेल तर आठवड्यात त्याची मुतारी होते. हे आराखड्यातच लिहून घ्यावं.

जिन्यांची संख्या रोजच्या गर्दीपेक्षा आगीच्या वेळेवर ठरते. जगभर वापरला जाणारा नियम असा की फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि ६ मिनिटांत माणूस सुरक्षित जागी पोचावा. तीन डब्यांची गाडी खच्चून भरली की साधारण हजार माणसं, फलाटावर पाचशे धरू. पंधराशे माणसं ४ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ३७५. वर चढताना १ मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ५५ च्या आसपास माणसं जातात. म्हणजे सगळे जिने मिळून जवळपास ७ मीटर रुंदी हवी, आणि हिशेबात एक सरकता जिना बंद पडलेला धरायचा, लिफ्ट धरायचीच नाही. यात फलाटावर खांब, बाकडी किंवा जाहिरातीचा फलक जिन्याच्या तोंडाशी आला तर कागदावरची रुंदी खोटी ठरते. चालू स्थानकात पुढं स्टॉल घुसवतात तेव्हा हेच होतं.

कॉनकोर्सबद्दल एकच मुद्दा, पण मोठा. तिकिटाच्या आतला भाग मधोमध पसरला आणि बिनतिकिटाचा भाग दोन टोकांना तुटला, की रस्त्याच्या एका बाजूचा माणूस खालून दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही. गेट थोडी सरकवून कडेने सलग वाट ठेवली तर स्थानक गावाला रस्ता ओलांडायचं भुयारही देतं. दाभोळकर कॉर्नरसारख्या चौकात हे किती उपयोगाचं होईल बघा. त्याला वेगळा खर्च येत नाही, आराखड्यात एक रेघ हलवावी लागते.

खाली शौचालय असेल तर त्याचा मैला गटाराच्या खालच्या पातळीला असतो, म्हणून तो पंपाने वर चढवावा लागतो. एक पंप चालू, एक राखीव, आणि टाकीला स्वतंत्र हवानळी. राखीव पंप महिन्यातून एकदा चालवला नाही तर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला असतो. अंधांसाठीच्या पिवळ्या फरशा दोन प्रकारच्या असतात : लांब पट्ट्यांची ‘चालत राहा’, ठिपक्यांची ‘थांब’. या रेषेवर कुणी दोरीचे खांब, कुंडी किंवा तपासणीचं टेबल ठेवलं की ती रेष धोक्याची होते. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला दिवसा जास्त उजेड हवा. उन्हातून आत येणाऱ्याला पहिल्या पाच-सहा पायऱ्या दिसत नाहीत आणि पडापडी तिथंच होते.

बाहेर पडल्यावर काय? भारतीय निकषांप्रमाणे फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी. जिन्याचं बांधकाम भिंती धरून ४ ते ५ मीटर रुंदी खातं. फुटपाथवर जिना उभा केला की चालणारा रस्त्यावर उतरतो, त्याच्या पुढ्यात रिक्षा, रिक्षेच्या मागं केएमटीची बस. आपल्याकडं वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाड्या, धरल्याशिवाय कुठल्याच स्टँडचा आराखडा पुरा होत नाही. वडाप तोंडाशीच येणार, नको म्हटलं तरी. म्हणून जिन्यापासून २०-३० मीटर पुढं, रहदारीच्या दिशेने, रस्त्यातून आत घेतलेला खाचा ठेवावा. अगदी तोंडासमोर दुचाकीसुद्धा थांबू नये इतकी मोकळी जागा राखावी. बाहेर येणाऱ्या दारांना नुसते आकडे देऊ नयेत, आकड्याबरोबर लोकांच्या तोंडातलं नाव द्यावं : एसटी स्टँड, देऊळ, दवाखाना. भुयारातून वर येताना दिशा हरवते, त्यामुळं ही पाटी कॉनकोर्सवर गेटच्या आधी हवी. जिना चढून गेल्यावर दिसलेली पाटी उपयोगाची नाही.

सगळं झाल्यावर एक पट्टा राहतो, जिन्याची भिंत आणि जुना रस्ता यांच्यामधला. इथला भराव २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि कॉम्पॅक्टर फिरवून बसवायचा असतो. शेवटच्या महिन्यात घाईनं डंपर रिकामे केले जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात हा पट्टा बसतो. ग्रॅनाइटची फरशी तडकते आणि लिफ्टच्या दारापुढं दोन-तीन इंचांची कड उभी राहते. म्हणून या पट्ट्यावर पहिल्या वर्षी पेव्हर ब्लॉकच घालावेत. पावसाळा संपला की ते उचलायचे, खालची पातळी पुन्हा भरून घ्यायची आणि मगच कायमची फरशी बसवायची.